साठवणीची कोठी वेगळी, रोजचा डबा वेगळा

ताई, तुम्ही लिहिलंत की मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये सामानाची एक चिंचोळी खोली आहे, सासरहून वर्षाचं धान्य येतं, डब्यांवर डबे चढलेत आणि आता मुगात भुंगे निघालेत. सगळे एकसारखे डबे घेतले तर सुटेल का, असं विचारलंत. डबे आत्ता घेऊ नका. घरात काय किती आहे ते कळल्याशिवाय घेतले, तर हाच पसारा नव्या डब्यांत भरला जाईल.

एका दिवशी एकच फळी रिकामी करा. एकाच डाळीची तीन फोडलेली पाकिटं नक्की सापडतील. 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे माल लगेच टाकायचा असं नाही, चव-वास उतरलेला असू शकतो. पण 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' उलटलेलं खाऊ नका. जवस, तीळ, फल्लीदाणे, खोबरं मात्र तारखेवर सोडू नका. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात तेलाचे जिन्नस लवकर खवटतात. चिमूटभर तळहातावर चोळून हुंगा. जवसाची चटणी मी पंधरा दिवसांपुरतीच करते. भिवापुरी मिरचीही अख्खी ठेवते आणि लागेल तसं तिखट कुटून आणते.

आता मुद्द्याचं. साठवण आणि वापर एका डब्यातून चालवू नका. गव्हाची मोठी कोठी दर दोन दिवसांनी उघडली की पावसाळ्यात दर वेळी दमट हवा आत जाते, अन् सोंड्यांना, म्हणजे गव्हातल्या किड्यांना, तेच हवं असतं. आमच्या घरी चौघांना महिन्याला आठ किलो गहू लागतो. तेवढाच, कोरड्या दिवशी दुपारी, लहान डब्यात काढते आणि कोठी बंद. जुना डबा पूर्ण संपवून, पुसून, वाळवल्याशिवाय नवा माल त्यात पडत नाही. एका वर्षी घाईत जुन्या चार किलोंवर नवं पोतं ओतलं होतं आणि श्रावणापर्यंत सगळ्या गव्हाचं पीठ व्हायला लागलं. सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, अळी आतच वाढते, त्यामुळे वरून निवडून काही कळत नाही.

मुगातला भुंगा वेगळा. त्याची अंडी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात. अख्खे मूग, चवळी, हरभरा यांना तो लागतो, फोडलेल्या डाळीला फार कमी. भोकं पडलेले मूग फेकून द्या. चांगले दिसणारे घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी घरातल्या हवेइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांना घाम सुटतो.

पुढच्या वर्षी धान्य आलं की मे महिन्यातच गच्चीवर काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरा. दाणे ५० अंशांच्या वर तापले की आतली अळीसुद्धा मरते. आपल्या नागपूरच्या उन्हाचा एवढा फायदा तर करून घ्यायलाच हवा. पण गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, रात्रभर घरात निवू द्या. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावा. कोठी गॅसच्या भिंतीला टेकवू नका आणि खाली लाकडी पाट ठेवा.

कोणी गोदामातल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून देत असेल, तर घरात घेऊच नका. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, बंद फ्लॅटमध्ये माणसं दगावतात आणि त्याच्यावर उतारा नाही.

तुमच्याकडे जेवणारी माणसं किती आणि पोळ्या दोन्ही वेळा होतात का, ते लिहा. त्यावरून सासूबाईंना यंदा किती गहू पाठवायला सांगायचा, ते काढून देते.