वेळ जास्त लागली, तरी गाडी जिंकली कशी?

तासगावच्या ताईंनी भाच्याच्या वहीतली तीन उदाहरणं इथे दिली आहेत आणि उत्तरसूची चुकली आहे का, असं विचारलंय. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात पुन्हा लिहितो.

पहिलं: ड्रॅग रेसमध्ये (सरळ रस्त्यावर जागेवरून सुटणाऱ्या दोन गाड्यांची शर्यत) लाल गाडीची वेळ १२.६२ सेकंद, निळीची १२.४८ सेकंद. हिरवा दिवा लागल्यानंतर लाल ०.०८ सेकंदाने सुटली, निळी ०.३१ सेकंदाने. रेषेजवळ निळीचा वेग ताशी १८० किमी. कोण जिंकलं आणि किती मीटरने? दुसरं: ४०० मीटरच्या शर्यतीत अ ने ब ला ४० मीटरने हरवलं. आता अ ४० मीटर मागून सुटला तर बरोबरी होईल का? तिसरं: घाट चढताना वेग ताशी ३०, जाऊन-येऊन सरासरी ताशी ६० पडायला उतरताना वेग किती हवा?

सूचीतली उत्तरं अनुक्रमे ‘लाल, ४.५ मीटर’, ‘नाही, अ च जिंकेल’ आणि ‘अशक्य’ अशी आहेत. तिन्ही बरोबर आहेत, काही खोडू नका.

साताऱ्यात मी बरीच वर्षं शिष्यवृत्तीच्या आणि पोलीस भरतीच्या मुलांना काळ-काम-वेग शिकवतो. अंतर भागिले वेळ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मुलं अडतात ती घड्याळापाशी. उदाहरणात घड्याळ कुणाचं आहे, ते कधी सुरू झालं आणि कधी थांबलं, एवढं वहीत लिहून मगच आकड्यांना हात लावायचा, असा माझा आग्रह असतो. रेल्वे पूल ओलांडते तेव्हा मुलं गाडीची लांबी मिळवायला विसरतात, तेही याच कारणाने: शेवटचा डबा पुलावरून उतरेपर्यंत घड्याळ थांबत नाही, हे लक्षात आलेलं नसतं.

पहिलं उदाहरण समजायला आपल्या बैलगाडा शर्यती आठवा. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटात (म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर) एकेक बारी, म्हणजे एकेक गाडा, वेगवेगळी पळते आणि घड्याळावर नंबर लागतो. आपल्या सातारा-सांगलीच्या मैदानात मात्र गटातल्या गाड्या शेजारी-शेजारी एकदम सुटतात आणि जी आधी रेषा ओलांडेल ती पुढच्या फेरीला जाते. तिथे कुणाला किती सेकंद लागले हे कुणी विचारत नाही. ड्रॅग रेसमध्ये या दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू असतात, आणि सगळा गोंधळ तिथूनच येतो. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, समोर दिव्यांचा खांब असतो (त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात), हिरवा दिवा दोघींना एकदम दिसतो. पण प्रत्येक गाडीचं स्वतःचं घड्याळ दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढची चाकं सुरुवातीच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडली की ते सुरू होतं. दिव्यानंतर चालक जेवढा वेळ जागेवर राहिला तो ‘रिअ‍ॅक्शन टाइम’ म्हणून वेगळा नोंदला जातो. निकाल लागतो तो मात्र रेषेवर, आधी कोण आलं त्यावर.

म्हणून वहीत दोन ओळी मांडायच्या. लाल: ०.०८ अधिक १२.६२, म्हणजे दिव्यापासून १२.७०. निळी: ०.३१ अधिक १२.४८, म्हणजे १२.७९. लाल ०.०९ सेकंद आधी पोचली. निळी ०.१४ सेकंदाने वेगवान होती, पण सुटतानाच ०.२३ सेकंद घालवून बसली. अशा विजयाला त्या खेळात ‘होलशॉट’ म्हणतात आणि जाणकारांना त्याचं फार कौतुक असतं, कारण तो इंजिनापेक्षा चालकाचा विजय असतो.

०.०८ सेकंदात माणूस हलूच शकत नाही, अशी शंका विज्ञानाच्या मुलांना येईल. शंका योग्य आहे. साध्या गाड्यांच्या शर्यतीत हिरव्याच्या आधी तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात आणि मुरलेला चालक शेवटचा पिवळा दिसताच गाडी सोडतो. गाडी हलून किरणाबाहेर पडेपर्यंत हिरवा लागलेला असतो. थोडी जरी घाई झाली तर लाल दिवा, आणि शर्यत तिथेच गेली.

आता ‘किती मीटरने’. भाच्याने २.९ मीटर काढलंय. ते कुठून आलं हे मला दिसतंय: ड्रॅग रेसचं नेहमीचं अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर, त्याला १२.४८ ने भागून सेकंदाला ३२.२ मीटर, गुणिले ०.०९. आकडेमोड अगदी शुद्ध आहे. पण ३२.२ हा संपूर्ण धावेचा सरासरी वेग झाला. त्यात गाडी जागेवरून उठत होती तेव्हाचा संथ काळही मिसळलाय. आपल्याला विचारलंय ते शेवटच्या ०.०९ सेकंदाचं, आणि त्या वेळी निळी ताशी १८० ने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने धावत होती. ५० गुणिले ०.०९ बरोबर ४.५ मीटर. ‘रेषेजवळचा वेग’ उगाच दिलेला नव्हता. दिलेली एखादी माहिती न वापरताच उत्तर आलं तर आधी थांबायचं आणि ती का दिली असेल हे पाहायचं.

याच ठिकाणी उलटी चूकही होते. दहावी-अकरावीची मुलं म्हणतात, स्थिर स्थितीतून सुटलेल्या वस्तूचा अंतिम वेग सरासरीच्या दुप्पट असतो, मग ६४.४ घ्या. हा नियम त्वरण एकसमान असेल तेव्हाच लागू होतो. साधी वेगवान गाडी सुरुवातीला जोरात उसळते आणि वेग वाढत जाईल तशी तिची ओढ कमी होत जाते. आपल्या निळ्या गाडीचा सरासरी वेग ताशी ११६ आणि शेवटचा १८०, म्हणजे दीडपटीच्या जरा वर. टॉप फ्युएल नावाचा जो सर्वांत जबर वर्ग आहे, त्यातल्या गाड्या १००० फूट ३.७ सेकंदांच्या आसपास कापतात आणि शेवटी ताशी ५३० किमीच्या पुढे जातात. तिथे सरासरी ताशी २९७ च्या घरात येते, म्हणजे गुणोत्तर १.८ च्या जवळ. गाडी शेवटपर्यंत किती एकसारखी ओढत राहिली हे या एका भागाकारातून कळतं. मुलांना हे करून दाखवा, त्यांना आवडतं.

१००० फूट वाचून कुणी अडखळेल. पाव मैल हे ठरलेलं अंतर खरं, पण अमेरिकेतल्या एनएचआरए या संस्थेने (स्थापना १९५१) २००८ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी ते १००० फुटांवर आणलं. तेव्हा कोड्यात नुसतं ‘ड्रॅग रेस’ लिहिलं असेल आणि अंतर दिलं नसेल, तर ४०२ मनाने धरू नका.

दुसरं उदाहरण बहुतेकांना फसवतं, कारण ‘४० ने हरला, ४० ची सूट दिली, फिटंफाट’ असं मन चटकन म्हणतं. घड्याळ अ च्या विजयाच्या क्षणी थांबवा. तेवढ्या वेळात अ ४०० मीटर गेला, ब ३६०. आता दुसरी शर्यत. अ ४० मीटर मागून सुटला, तेवढाच वेळ गेला. अ ने ४०० मीटर तोडले, म्हणजे रेषा अजून ४० मीटर पुढे. ब ने ३६० तोडले, त्यालाही रेषा ४० मीटर पुढे. दोघे बरोबर त्या जागी खांद्याला खांदा लावून आहेत आणि राहिलेल्या ४० मीटरांत जो वेगवान तोच पुढे जाणार. अ जिंकतो, ४ मीटरने: तो ४४० जातो तेव्हा ब ३९६ वर असतो.

ताईंनी पुढे फार चांगला प्रश्न विचारलाय: माणसांऐवजी जागेवरून सुटणाऱ्या गाड्या असतील, वेग सतत वाढत असेल, तरी हेच उत्तर येईल का? दोन्ही गाड्यांचं त्वरण एकसमान असेल तर येईल. अशा वेळी अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, पण दोघींच्या अंतराचं गुणोत्तर मात्र कुठल्याही क्षणी तेच राहतं, १० ला ९. वेग स्थिर असो की असा वाढता, गुणोत्तर टिकलं की ४ मीटर टिकले. खऱ्या गाड्यांत एक सुरुवातीला उसळणारी आणि दुसरी नंतर पकड घेणारी असेल तर गुणोत्तर मोडतं. अ पुढे जातो हे तेव्हाही खरं असेल, जर त्या शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग जास्त असेल. ४ मीटर मात्र सांगता येणार नाहीत.

तिसरं पटकन. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला जाताय, अंतर हिशेबापुरतं २४ किमी धरा. ताशी ३० ने चढायला ४८ मिनिटं लागली. जाऊन-येऊन ४८ किमी, सरासरी ६० हवी, म्हणजे एकूण मुभा ४८ मिनिटांचीच. ती तर चढतानाच संपली. उतरताना ६० ने आलात तर सरासरी ४०, आणि १२० ने (कृपा करून येऊ नका) आलात तरी ४८. मुलं ९० लिहितात कारण ३० आणि ९० ची सरासरी ६०. पण सरासरी वेग म्हणजे वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं असतं, आणि संथ चढणीने वेळेचा मोठा वाटा खाल्लेला असतो.

काही उदाहरणांत घड्याळ अजिबात दिलेलं नसतं, आणि ती मला सगळ्यांत सुंदर वाटतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं मोर-सापाचं उदाहरण घ्या, ११५० सालचं. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या पायथ्याशी सापाचं बीळ. साप २७ हात अंतरावरून बिळाकडे येतोय, मोर त्याच्यावर तिरका झेपावतो, दोघांची गती सारखी. गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? वेळ नाही, वेग नाही. पण दोघे एकाच क्षणी निघाले, गती सारखी, म्हणून अंतरंही सारखी. बिळापासूनचं अंतर क्ष धरा: सापाचं अंतर २७ वजा क्ष, मोराचं अंतर काटकोन त्रिकोणाचा कर्ण. ८१ अधिक क्षचा वर्ग बरोबर (२७ वजा क्ष) चा वर्ग. क्ष बारा येतो, दोघांचं अंतर १५. भाच्याला पायथागोरस झाला असेल तर हे नक्की द्या.

आणि ड्रॅग रेसचाच एक प्रकार आहे, ज्यावर कोडं रचावं तेवढं थोडं. त्याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. संथ गाडी आणि वेगवान गाडी यांची जोडी लावतात आणि प्रत्येक चालक आपली वेळ आधीच जाहीर करतो, तो ‘डायल-इन’. दोन डायल-इनमध्ये जेवढा फरक तेवढा आधी संथ गाडीला हिरवा दिवा मिळतो. म्हणजे इथे दोघांचं घड्याळ मुद्दामच वेगवेगळ्या क्षणी सुरू होतं. शिवाय जाहीर केलेल्यापेक्षा कमी वेळेत पोचलात तर ‘ब्रेकआउट’ आणि बाद. दोघे बाद झाले तर ज्याने कमी फरकाने मोडलं तो जिंकतो.

समजा संथ गाडीचा डायल-इन १५.००, वेगवान गाडीचा १२.५०. संथ गाडी ०.१० ने सुटली, वेळ १५.०५, तिच्या दिव्यापासून १५.१५ ला रेषेवर. वेगवान गाडीचा दिवा २.५० नंतर, ती ०.१५ ने सुटली, वेळ १२.४६, त्याच घड्याळात १५.११. वेगवान गाडी आधी पोचली आणि हरली, कारण १२.४६ हे १२.५० पेक्षा कमी आहे. असं कोडं कुणी नियम न सांगता परीक्षेत टाकलं तर तो विद्यार्थ्यावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरण अवघड असावं, पण लागणारं सगळं त्याच्या आतच असावं.

भाच्यासाठी एक. पहिल्या गाडीचा डायल-इन १४.००, दुसरीचा १२.००. पहिली ०.२० ने सुटली, वेळ १४.०५. दुसरी ०.२४ ने सुटली. दुसरीला जिंकायचं असेल तर तिची वेळ कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान यायला हवी? उत्तर आलं की मांडणीसकट इथे लिहायला सांगा. नुसता आकडा नको, दोन्ही गाड्यांच्या ओळी दिसू द्यात.