मैत्रिणीची पोस्ट मागे, परक्यांचं भांडण पुढे

प्रश्न : ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीने ऑपरेशन झाल्याची पोस्ट टाकली, ती मला चार दिवसांनी दिसली. अनोळखी लोकांची भांडणं मात्र रोज सगळ्यात वर. हा क्रम कोण लावतं? त्यात आपलं काही भलं असतं का?

उत्तर : क्रम अल्गोरिदम लावतो, म्हणजे ॲपमधला आपोआप निवड करणारा प्रोग्राम. तो एकच गोष्ट ताडत असतो : ही पोस्ट दाखवली तर तुम्ही काय कराल? लाइक, कमेंट, की नुसत्याच थांबाल? प्रत्येक कृतीला वजन दिलेलं असतं. ट्विटरने (आताचं एक्स) २०२३ मध्ये हा क्रम लावणारा आपला कोड खुला केला तेव्हा ही वजनं उघड झाली. लाइकला ०.५, कमेंटला १३.५! वाद घातला की पोस्ट वर का चढते, ते इथे कळतं.

आता तुमची मैत्रीण. तिचं दुखणं वाचून लाइक करायला कुणाचा हात धजेल? आपण तडक फोन लावतो. ही माया फीडच्या हिशेबात कुठेच जमा होत नाही, आणि मला खरा राग याचाच आहे. मागे एका रात्री मी अंथरुणात पडून एका वादाखालच्या कमेंट वाचत राहिले. चीड येत होती, लिहिलं एक अक्षर नाही. सकाळी तसलेच तीन वाद समोर! माझं थांबणं आवड म्हणून धरलं गेलं होतं.

भलं अजिबात नसतं असं मात्र मी म्हणणार नाही. शेकडो जणांना फॉलो केलं की निवड कुणीतरी करावीच लागते. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी काही फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांना तीन महिने 'नवं ते आधी' अशा क्रमाचं फीड दिलं. त्यांचा त्यावरचा वेळ घटला, पण बेभरवशाचा मजकूर वाढला. म्हणजे नुसती तारीख लावून भागत नाही. निवड करणाऱ्याने काय मोजायचं, हा प्रश्न आहे. आज मोजलं जातं ते आपलं गुंतून राहणं, कारण जाहिराती त्यावर चालतात.

इन्स्टाग्रामवर २०२२ पासून 'फॉलोइंग' आणि 'फेव्हरिट्स' अशी वेगळी फीड आहेत. तुमच्या ॲपमध्ये तशी सोय असेल तर 'फेव्हरिट्स'च्या यादीत पहिलं नाव या मैत्रिणीचं घाला. नको असलेल्या भांडणावर 'यात रस नाही' दाबा, मुकाट्याने पुढे सरकू नका.

आणि ती आता बरी आहे ना?