सोडवून आणलेली पोर त्यालाच फोन करते

प्रश्न : माझी भाची 22 वर्षांची आहे. भावजय लवकर वारली, भाऊ दारूत, म्हणून पोर कधी या नातेवाइकाकडे, कधी त्या, अशी वाढली. यंत्रमागाच्या कारखान्यात ओळख झालेल्या एकानं लग्न करतो म्हणून तिला पुण्याला नेलं आणि तिथं विकलं. पोलिसांनी सोडवलं, मग निवारागृहात होती. दिवाळीपासून माझ्याकडे, अशोक चौकाजवळ राहते. मी विड्या वळते. परवा कळलं, ती त्याच माणसाला चोरून फोन करते. तिथली घरवाली, म्हणजे कोठा चालवणारी बाई, तापात आपल्या उशाशी बसायची, हेही कौतुकानं सांगते. माझ्यावर मात्र भाकरी करपली तरी ओरडते. आणि रात्री मी नुसती उठले तरी जागी होऊन ‘आत्या, कुठं चाललीस?’ विचारते. घरचे म्हणतात फोन काढून घे, स्थळ बघून उजवून टाक. गल्लीत म्हणतात, हिलाच तिथं गोड लागत होतं. माझंच काही चुकतंय का?
– एक आत्या, सोलापूर

उत्तर : ताई, आधी गल्लीचं बघू. फसवून, दबाव आणून माणसाला शोषणासाठी नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली गुन्हा आहे. पूर्वी तोच कलम 370 होता. त्यात स्पष्ट लिहिलंय की पीडितेची संमती होती की नव्हती, याला महत्त्व नाही. ‘स्वतःच्या पायानं गेली’ म्हणणाऱ्यांना एवढं सांगा. त्यापुढे वाद घालत बसू नका, विड्या वळायच्या राहतील.

आता फोन. मूल घाबरलं की आपल्या माणसाकडे धावतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं या ओढीवरच सगळं काम केलं. पण जो घाबरवतो तोच जेवायला घालणारा, औषध आणणाराही असला, आणि दुसरं कोणी जवळ नसलं, तर धावायचं कुठं? त्याच्याकडेच. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी 1981 मध्ये मार खाणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं, तेही हेच. एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि मारझोडीच्या अधूनमधून मिळणारी माया. ती माया कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून गाठ आणखी घट्ट बसते. तिची आई लवकर गेली, हक्काचं घर नव्हतं. अशी पोर हेरणाऱ्यांना बरोबर कळते.

घरवाली उशाशी बसली असेल, खरंच बसली असेल. आजारी पोर धंद्याला कामाची नसते, हेही तितकंच खरं. पण हे दुसरं वाक्य तुम्ही बोलू नका, ते तिचं तिलाच सुचू द्या. तुम्ही त्या बाईला शिव्या घातल्या की ती गप्प होईल आणि पुढचं काही सांगणार नाही.

तुमचं काही चुकत नाहीये. उलट ‘कुठं चाललीस?’ वाचून मला बरं वाटलं. तुम्ही निघून जाल ही भीती तिला वाटते, म्हणजे तुम्ही तिला हव्या आहात. भाकरीवरून ओरडते तेही त्याचसाठी : बघते, ही तरी मला हाकलते का. ओरडू नकोस म्हणून जरूर सांगा, पण ‘जा मग तिकडंच’ हे शब्द रागातही तोंडातून काढू नका. विड्या द्यायला कारखान्यात जाताना परतायची वेळ सांगून जा, उशीर होणार असला तर कळवा. रात्री ‘मोरीत चाललेय, आलेच’ एवढं पुरे. हे कंटाळवाणं आहे आणि महिनोन्‌महिने करावं लागेल.

फोन काढून घेऊ नका. तो घेतला की तुम्हीही तिच्यावर पहारा ठेवणाऱ्यांपैकी एक झालात. ‘काय म्हणतो तो?’ एवढं विचारा, न रागावता. तो केसमधला आरोपी असेल तर साक्ष फिरवण्यासाठीच गोड बोलत असण्याचा संभव मोठा आहे. धमकी किंवा ‘ये’ असा निरोप आला तर तपास अधिकाऱ्याला कळवायलाच हवं, मात्र तिला आधी सांगून. तिच्या पाठीमागे काही नको. ती विड्या वळत असेल तर त्याचे पैसेही तिच्याच हातात द्या.

झोप न लागणं, दचकणं, कुणावर भरवसा न बसणं यावर उपचार आहेत. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. भरपाईसाठी आणि वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिला वकील फुकट मिळतो, तो कायद्यानं तिचा हक्क आहे. अर्ज तिच्या नावानं करा, तिथं बोलूही तिलाच द्या.

राहिलं स्थळ. ते तूर्त अजिबात नको. तिला नेलं ते लग्नाच्याच नावाखाली. उद्या तिनंच विषय काढला तर ऐकून घ्या, आणि मुलाची चौकशी मात्र कसून करा.