मुलांना आणि मोठ्यांना जास्त हुरूप कशाने येतो, स्पर्धेने की सहकार्याने?

थोडक्यात सांगायचं तर, काम सोपं, सवयीचं आणि ज्याचं त्याने करायचं असेल तर थोड्या वेळापुरती चुरस चालते. नवं काही शिकायचं असेल, डोकं लढवायचं असेल किंवा एकाचं काम दुसऱ्यावर अडत असेल, तर सहकार्य. पण चार जणांना एका टेबलाभोवती बसवलं म्हणजे सहकार्य झालं असं नाही. बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

आधी स्पर्धा. १८९८ मध्ये ट्रिपलेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ४० मुलांना गळाच्या रिळावर दोरा गुंडाळायला दिला, कधी एकट्याने, कधी शेजारी दुसरं मूल असताना. निम्मी मुलं चुरशीत वेगाने गुंडाळू लागली. १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही आणि उरलेली १० चक्क मंदावली, कारण घाईत हात गडबडले. या प्रयोगाचा पहिला भागच लोक सांगत फिरतात. पुढे २०१२ मध्ये मुरायामा आणि एलियट यांनी अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा स्पर्धेचा कामगिरीवरचा निव्वळ परिणाम जवळजवळ शून्य निघाला. याचा अर्थ स्पर्धेने काहीच होत नाही असा नाही. 'जिंकायचंय' या जिद्दीने काम सुधारतं, 'हरायला नको' या धास्तीने बिघडतं, आणि बेरीज केली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

वर्गात हे नीट पाहिलं तर दिसतं. नंबर लावले की वरची मोजकी मुलं पळतात. खालच्या मुलाला निकाल आधीच ठाऊक असतो, म्हणून तो 'मी अभ्यासच केला नव्हता' असं म्हणायची सोय करून ठेवतो. अभ्यास करून मागे पडण्यापेक्षा न करता मागे पडण्यात अब्रू राहते. त्याला आळशी ठरवणं सोपं आहे, पण तो स्वतःपुरता हिशेबीपणाने वागतोय. वरची मुलंही वही हाताने झाकून लिहू लागतात, कारण दुसऱ्याला समजावलं तर आपलंच नुकसान.

शिवाय गोडीही जाते. १९८१ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी काहींना 'समोरच्याला हरव' म्हणून कोडी सोडवायला लावली. नंतर मोकळा वेळ मिळाल्यावर त्या लोकांनी कोड्यांना इतरांपेक्षा कमी वेळ दिला.

आता सहकार्य. त्याचं दुखणं म्हणजे अंग चोरणं. रिंगलमान या फ्रेंच अभियंत्याच्या दोरी ओढण्याच्या मोजणीत आठ जण एकत्र ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरला. थोडा जोर एकाच वेळी न लागल्याने वाया गेला, पण सगळा नाही. १९७९ मध्ये लाटाने यांच्या गटाने लोकांना डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून ओरडायला सांगितलं. आपल्याबरोबर इतरही ओरडताहेत, एवढं नुसतं वाटलं तरी आवाज उतरला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की अंग चोरणं थांबतं, हेही पुढे दिसलं.

म्हणून दोन गोष्टी एकदम लागतात: फळ सगळ्यांचं आणि हिशेब ज्याचा त्याचा. अमेरिकन शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लाविन यांची वर्गातली पद्धत याच पायावर उभी आहे. चौघांचा गट करायचा, अभ्यासात एक पुढचा, एक मागचा, दोन मधले. गट शिक्षकाने पाडायचे, मैत्रीवर सोडायचे नाहीत. धडा शिकवून झाल्यावर चौघांत सरावाचे दोनच कागद द्यायचे, म्हणजे डोकी एकत्र येतात. मग चाचणी प्रत्येकाची वेगळी, मदत बंद. गुण मात्र स्वतःच्या आधीच्या सरासरीशी ताडून द्यायचे. सरासरीपेक्षा १० हून जास्त खाली आला तर ५, १ ते १० खाली तर १०, बरोबरीत किंवा १० पर्यंत वर गेला तर २०, त्याहून वर गेला किंवा पेपर पूर्ण बरोबर आला तर ३०. सरासरी ४२ असलेल्याने ५३ मिळवले तर ३०, ९० च्या मुलीने ८८ मिळवले तर १०. गटाच्या खात्यात या गुणांची सरासरी. आता ४२ वाला गटाच्या गळ्यातली धोंड राहत नाही, उलट सगळ्यात जास्त गुण त्याच्याकडूनच येऊ शकतात. ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येक गटाला शाबासकी, एकाच विजेत्याला नाही.

हे फसतं कुठे? सुधारणेऐवजी मूळ गुणांचीच सरासरी काढली की मागच्या मुलावर खापर फुटतं. चौघांचा मिळून एकच प्रकल्प आणि एकच गुण ठेवला की एक राबतो आणि बाकीचे आयत्या बिळावरचे नागोबा. हुशार मूल उत्तर सांगून मोकळं होतं, म्हणून 'कसं केलं' हे मागच्या मुलाने बोलून दाखवेपर्यंत कागद संपला असं धरायचं नाही. पाच-सहा आठवड्यांनी गट बदलावेत.

मोठ्यांचं गणित वेगळं नाही. कर्मचाऱ्यांची सक्तीने उतरंड लावायची पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये बंद केली. अशा उतरंडीत चांगल्या माणसांच्या टीममध्ये जाणंच तोट्याचं ठरतं, कारण तिथेही कोणालातरी तळाला टाकावंच लागतं. विक्रीत फक्त पहिल्या तिघांना बक्षीस ठेवलं तर मधले लोक लवकरच हात टेकतात. त्यापेक्षा कोणालाही गाठता येतील असे टप्पे ठेवा. गटाचा बोनस तीन ते पाच जणांपुरता असावा. तीस जणांत वाटला तर आपल्या मेहनतीने काही फरक पडतो असं कोणालाच वाटत नाही.

चुरस हवीच असेल तर ती बरोबरीच्यांत लावा. तीन समान पातळीची मुलं एका टेबलावर, पहिल्याला ६०, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला २०, आणि हे गुण आपापल्या मिश्र गटाच्या खात्यात. पुढच्या वेळी जिंकणारा वरच्या टेबलावर जातो, हरणारा खालच्या. त्यामुळे सहसा कोणी कायमचा तिसरा राहत नाही. टेबलांची यादी मात्र भिंतीवर लावू नका. ती लागली की तळाचं टेबल कोणतं, हे सगळ्या वर्गाला तोंडपाठ होतं.