आजोबा, ऊर्जा आणि कुंडीतली तुळस

प्रश्न : सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आलं आहे. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "आई, आजोबा कुठे गेलेत? आपण सगळे ताऱ्यांची धूळ. ऊर्जा नष्ट होत नाही." ऐकायला बरं वाटतं, पण हे विज्ञान की नव्या धाटणीचं कीर्तन?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, थोडं हे, थोडं ते.

ताऱ्यांचं खरं आहे. जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पोटात कशी तयार होतात, हे 1957 साली बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉइल या चार शास्त्रज्ञांनी सविस्तर मांडलं. (हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू.) तो निबंध आकडेमोडीचा, वाचणार कोण? घरोघरी ही कल्पना नेली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी, 1980 च्या दूरचित्रवाणी मालिकेतून. पुढे टी-शर्ट, मग व्हॉट्सॲपचं स्टेटस. या प्रवासात हायड्रोजन गळाला. शरीरातले निम्म्याहून जास्त अणू त्याचे, आणि ते ताऱ्यांतले नव्हेत. थेट महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाच्या जन्माच्या वेळचे, सुमारे 1380 कोटी वर्षं जुने. चिरंजीवांना हे सांगा, खूश होतील.

ऊर्जेचं वाक्य मात्र मी चालू देणार नाही. चितेची उष्णता हवेत पांगते. टिकते खरी, पण तिच्यात आजोबांचं खाकरणं नसतं की पेपर आधी मला म्हणून केलेली कुरकुर नसते. हा नियम आत्म्याच्या बाजूने साक्ष देत नाही आणि विरुद्धही नाही.

त्यापेक्षा कर्बाचा हिशेब करा. साठ किलोच्या माणसात तो दहा-अकरा किलो. दहनात बहुतेक कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो, वर्षभरात दूरवर हवेत मिसळतो, झाडं तो पानांत घेतात. तुमच्या कुंडीतल्या तुळशीला यंदा फुटलेल्या पानांत त्यातले कोट्यवधी अणू सहज निघतील. शेजाऱ्यांच्या तुळशीतही तितकेच, हेही मान्य करायला हवं.

विज्ञानाला अध्यात्माचा रंग चढणं काही आजचं नाही. अरविंद घोष 1893 ते 1906 आपल्याच बडोद्यात नोकरीला होते. पुढे पाँडिचेरीत त्यांनी उत्क्रांतीलाच साधनेत आणलं : माणूस हा शेवटचा टप्पा नव्हे, म्हणाले. डार्विनने त्यावर सही केली नसती. पण त्या विचाराने कित्येकांना आधार दिला, हेही खरंच.

तेव्हा मुलाला ताऱ्यांवरून टोकू नका. श्राद्धाला बसायचं की नाही ते त्याचं त्याला ठरवू द्या. आमसुलाची चटणी मात्र त्याच्याकडूनच वाटून घ्या.