वाचक विचारतात : सानुग्रह मदत नेमकी कुणाची?

प्रश्न : मी आणि माझा जोडीदार, दोघंही पुरुष, मानेवाड्याला बरीच वर्षं एका भाड्याच्या घरात राहत होतो. यंदाच्या पावसाळ्यात तो हिंगण्याहून रात्रपाळी करून येताना रपट्यावरच्या पाण्यात गाडीसकट वाहून गेला. सरकारच्या सानुग्रह मदतीचे चार लाख त्याच्या आईच्या नावे मंजूर झाले. त्या भंडारा जिल्ह्यात मोठ्या मुलाकडे असतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण घरभाडं त्याच्या पगारातून जायचं; माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तेवढं सुटत नाही. माझा या पैशांवर काही हक्क आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी कडू सांगून टाकतो. आजच्या नियमांत नाही.

मी महसूल खात्यात नोकरी काढली. असल्या फायली किती हाताखालून गेल्या. पोलिसांची खबर, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याचा पंचनामा, वारसांचे जबाब, पासबुकाची झेरॉक्स. ‘नाते’ या रकान्यात पत्नी, मुलगा, आई, वडील असं काही असलं की फाईल पुढे सरकते. तुमच्यासारख्याला जबाबाला बोलावतच नाहीत. मृत्युपत्र असतं तर, असं तुमच्या मनात येईल; तर त्यानंही हे चार लाख तुमच्याकडे आले नसते. मृत्युपत्रात माणूस आपली मालमत्ता देतो. ही मदत त्याची कधी नव्हतीच, ती सरकार त्याच्या माघारी देतं.

आता गंमत पाहा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरातल्या कित्येक वस्त्या पाण्यात गेल्या, तेव्हा घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना दहा हजार जाहीर झाले. तिथं घर कुणाचं भिजलं आणि आत कोण राहतं, हे पाहायचं. म्हणजे गादी भिजली तर छताखाली कोण आहे ते बघायचं आणि माणूस गेला तर रक्त कुणाचं ते बघायचं! मला हे नोकरीत असतानाही पटलं नव्हतं. मदत कशासाठी? मिळवता हात गेल्यावर चूल विझू नये म्हणून. मग चूल कुणाची, एवढं तरी विचारा. आईचा वाटा काढून घ्या असं मी म्हणत नाही. दोघांचाही विचार व्हावा.

हे जगावेगळं मागणं नाही. न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडले, त्यानंतर महिनाभरातच तिथल्या गव्हर्नरनं मृतांच्या समलिंगी जोडीदारांनाही राज्याच्या भरपाईत पती-पत्नीसारखं धरायचा आदेश काढला. जपानात एका पुरुषाचा खून झाला होता. गुन्हेपीडितांसाठीची मदत त्याच्या पुरुष जोडीदारालाही मिळू शकते, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये सांगितलं. तिथंही असं लग्न देशाच्या कायद्यात बसत नव्हतं, हे लक्षात घ्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला, पण अशा जोडप्यांच्या हक्कांचा विचार करायला केंद्राची समिती नेमायला लावली. पुढं २०२४ मध्ये केंद्रानं दोन गोष्टी स्पष्ट केल्या : अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातलं धरावं, आणि जोडखातं काढायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला बँकेत आडकाठी नाही. धान्याला एक घर, मृत्यूला वेगळं, हे फार दिवस चालू नये.

म्हणून तहसीलदारांच्या नावे एक अर्ज द्याच. नामंजूर होईल, होऊ द्या. भाडेकरार, एकाच पत्त्याची आधारकार्डं, भाडं कुणाच्या खात्यातून जायचं त्याचं स्टेटमेंट जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या कुणी वकील हा प्रश्न कोर्टात नेईल, तेव्हा कागद लागतील. तोंडी ‘बसत नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांची नोंद कुठंच नसते.

पण चार लाखांच्या नादात दुसरं विसरू नका. त्याच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास वीस रुपये कापले गेलेत का ते पाहा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूला दोन लाख, आणि पुरात गेलेला माणूसही त्यात बसतो. गाडी त्याच्या नावावर होती? मग तिची पॉलिसी शोधा. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण घेतलेलं असेल, तर लायसन्स चालू होतं का तेही पाहा. दोन्हीकडे नॉमिनी कोण लिहिलंय ते महत्त्वाचं. तुमचं नाव असेल तर दावा तुम्हीच करायचा; नंतर वारस हक्क सांगू शकतात, तेव्हा त्याच्या आईशी आधीच बोलून घ्या. आईचं नाव असेल तर हे कागद त्यांच्यापर्यंत पोचवा, त्यांना बहुधा ठाऊकही नसेल. दाव्याला मुदत असते, या आठवड्यातच बँकेत जा.