उझबेक लोकनृत्य सोसायटीच्या कार्यक्रमात बसवायचं आहे. व्हिडिओ बघून जमेल का? ते बेली डान्ससारखंच असतं ना?

नाही, बेली डान्ससारखं नसतं. हे आधी सांगते, मग बाकीचं.

तुम्ही लिहिलंय की आठ मुली आहेत, तीन आठवडे हातात आहेत, आठ मिनिटांचं नृत्य बसवायचंय आणि कपडे भाड्याने कुठे मिळतील. प्रश्न साधा आहे, त्यात तुमची काही चूक नाही. पण पुढे तुम्ही लिहिलंत, "लग्नात पैसे उधळतात त्या टाइपचं असतं असं ऐकलंय, सोसायटीत चालेल ना?" हे मात्र मला लागलं. हेच मी माझ्या घरात ऐकलेलं आहे आणि तेव्हा गप्प बसले होते.

नवऱ्याच्या औषध कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं ताश्कंदला होतो. मी पुण्यात ११ वर्षं कथक शिकलेली. ताश्कंदमध्ये लाल बहादूर शास्त्रींच्या नावाचं भारतीय सांस्कृतिक केंद्र आहे, १९९५ पासूनचं. तिथे उझबेक मुली घुंगरू बांधून तत्कार करताना बघितल्या आणि वाटलं, आपला वेळ इथेच जाणार. पण झालं वेगळंच. आमच्याच मजल्यावर एक बाई राहायच्या, तरुणपणी रंगमंचावर नाचलेल्या, आता सत्तरीला टेकलेल्या. तिथे मोठ्या बाईला 'ओपा' म्हणतात, म्हणजे ताई. त्यांनी एकदा माझा रियाज दाराबाहेरून ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मला घरात बोलावून समोर दोइरा ठेवला.

दोइरा म्हणजे मोठ्या डफासारखं वाद्य, पण काठीने नाही, बोटांनी वाजवतात. लाकडी कड्याच्या आतल्या बाजूने लोखंडी रिंगांची ओळच असते, त्यामुळे प्रत्येक आघाताबरोबर बारीक छणछण येते. मधोमध वाजवलं की 'बुम', कडेला वाजवलं की 'बक'. पहिले दोन आठवडे ओपांनी मला उभंच केलं नाही. नुसतं तोंडाने म्हणायला लावलं, बुम, बक, बक, बुम. आपल्याकडे पढंत करतात तसंच. त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही, आणि 'लोकनृत्य म्हणजे सोपं' हा माझा गैरसमज तिथेच गळून पडला.

मग हात. कथकात हात समेवर येऊन थांबतो, ती रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. ओपा माझं मनगट धरून म्हणायच्या, "किझिम, तुझा हात थांबतो. आमचा हात थांबत नाही, वळतो." किझिम म्हणजे मुली, लेकी. ही फरगाना खोऱ्याची शैली. मनगटं गोल फिरत राहतात, खांदे मऊ, मान जेमतेम सरकते, पावलं छोटी. मुकर्रम तुर्गुनबायेवा या थोर नर्तकीने 'तनोवार' हे नृत्य रंगमंचावर अजरामर केलं आणि १९५७ मध्ये 'बहोर' नावाचा संच उभा केला. बहोर म्हणजे वसंत, आपला बहर. ओपा तनोवार शिकवताना मला पाण्याच्या भांड्यात हात बुडवून फिरवायला लावायच्या, पाणी सांडता कामा नये. मला साधं एक वळण जमायला चार महिने लागले. आणि तुम्ही तीन आठवडे म्हणताय.

बुखाऱ्याचं नृत्य याहून वेगळं. पाठ ताठ, छाती उघडी, खांद्यांची हालचाल ठसठशीत, मनगटात 'झंग' नावाच्या घुंगरांचे पट्टे, अंगावर जरीकामाचा मखमली झगा. आणि तिसरं ख्वारज्मचं. त्याला लझगी म्हणतात. ते अजून वेगळं, थरथरणारं, तुटक, गुडघे किंचित वाकलेले, बोटं वाजवलेली, आणि शेवटी वेग इतका की बघणाऱ्याचा श्वास चढतो. तेव्हा 'उझबेक नृत्य बसवायचंय' हे वाक्यच अर्धं आहे. कुठलं, ते आधी ठरवा.

ओपांच्या दिवाणखान्यात तमारा खानुमचा फोटो होता. फरगाना खोऱ्यात १९०६ साली एका आर्मेनियन घरात जन्मलेली ही बाई बुरख्याशिवाय लोकांसमोर नाचली. त्या काळात बायका बाहेर पडताना परांजी घालायच्या आणि तोंडावर घोड्याच्या केसांची जाळी. बायका नाचायच्या त्या घराच्या आत, बायकांच्यातच. चारचौघांत नाचायची मुलं, मुलींचे कपडे घालून. तमारा खानुम १९२५ साली पॅरिसला नाचून आली, १९३५ साली लंडनला, सोबत दोइरा वाजवायला उस्ता ओलिम कोमिलोव. १९२७ साली सोव्हिएत सरकारने बुरख्याविरुद्ध मोहीम उघडली, तिचं नावच 'हुजूम', म्हणजे हल्ला. बायकांनी चौकात बुरखे जाळले आणि त्यापायी शेकडो बायकांचे खून झाले. मार्गिलानची नूरखोन त्यातलीच. तमारा खानुमच्या मंडळीत नाचणारी, जेमतेम सोळा वर्षांची मुलगी. १९२९ साली तिच्या सख्ख्या भावाने तिला मारलं, कारण ती स्टेजवर नाचली. ओपा हे सांगताना आवाज चढवत नसत. चहा ओतता ओतता सांगायच्या, आणि मग म्हणायच्या, चल, उभी राहा.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले ते सांगते.

ओपांच्या भाचीच्या मुलीचं लग्न ख्वारज्मातल्या उर्गेंचला होतं. ताश्कंदहून रात्रभर रेल्वे, सकाळी वाळवंटातून सूर्य वर येतो तेव्हा उर्गेंच जवळ येतं. आदल्या दिवशी आम्ही खिवा बघून आलो, ती मातीच्या तटाच्या आतली जुनी वस्ती आणि तो निळा अर्धवट मनोरा. संध्याकाळी लग्नाचा हॉल. मी भारतीय दिसल्यावर गायकाने लगेच राज कपूरच्या सिनेमातली चाल धरली. तिथे हे अजूनही होतं, साठीतली माणसं डोळे मिटून म्हणतात. मी चार गिरक्या घेतल्या, टाळ्या झाल्या.

मग गार्मोनवाल्याने लझगी सुरू केली. गार्मोन म्हणजे छोटं अकॉर्डियन, ख्वारज्मात त्याच्याशिवाय लझगी रंगत नाही. सुरुवात अगदी संथ. माझ्या शेजारी नवरीची पणजी बसली होती, नव्वदीच्या आसपासची. एका हातात चहाची पियाला, दुसरा हात गुडघ्यावर. ती उठली नाही, तिने मान वळवली नाही, मला वाटलं तिला ऐकूच येत नसेल. आणि मग गुडघ्यावरच्या त्या हाताची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग पाचही बोटं, वाऱ्यावर पान थरथरतं तशी. मनगट अजून स्थिर. मग मनगट उचललं गेलं, मग कोपर, मग तो सुरकुतलेला हात डोक्याच्या उंचीवर आला आणि तिथे थरथरत राहिला. दुसऱ्या हातातला चहा हलला नाही. ओपा माझ्या कानात म्हणाल्या, "बघ. इथूनच सुरू होते."

त्यांच्याकडे गोष्ट आहे की देवाने मातीचा पुतळा केला, पण आत्मा त्यात शिरायला तयार होईना. मग संगीत वाजवलं. ते ऐकायला आत्मा आत गेला आणि पहिल्यांदा बोटं हलली. लझगी त्याच क्रमाने चढते. मी ही गोष्ट आधी दहा वेळा ऐकली होती. पण ती त्या म्हातारीच्या हातात पहिल्यांदा दिसली.

तिनेच मला खुणेने उठवलं. मी नाचले. लझगीची चाल सहाची, दादरा कानात असेल तर पाय आपोआप पडतो. माझं चुकलंही असेल, पण लोकांनी गोल केला, आणि नाच संपत आला तशी ती पणजी दोघींच्या आधाराने उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या टोपीच्या कडेत ५,००० सोमची नोट खोचली. आपल्या तेव्हाच्या हिशोबाने चाळीसेक रुपये. तिने माझं कपाळ हाताने धरून स्वतःच्या ओठांना लावलं.

त्याचा व्हिडिओ नवऱ्याने कौतुकाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या सुट्टीत पुण्याला आलो तेव्हा जेवायच्या ताटावर माझे मोठे दीर म्हणाले, "वहिनी, तिकडे जाऊन तुम्ही दौलतजादा घ्यायला लागलात." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. मी भाजी वाढत होते, वाढत राहिले.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल की नाही ठाऊक नाही, पण त्या नोटेचं काय झालं ते मी तेव्हा सांगायला हवं होतं. ती मी ठेवली नाही. तिथली रीत अशी की नाचणाऱ्याला दिलेला पैसा वाजवणाऱ्याकडे जातो. मी नाच संपल्यावर ती नोट गार्मोनवाल्याच्या पेटीवर ठेवली, माझ्या आधी नाचलेल्या नवरदेवाच्या मामांनीही तेच केलं होतं. हो, पुरुष नाचतात, आजोबा नाचतात, तिथे लग्नात न नाचणं हा यजमानाचा अपमान असतो. आणि दुसरं. दौलतजादा हा शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलात. तमाशाच्या फडावरच्या बाईने त्या पैशावर पोरं शिकवली, भावांची लग्नं लावली, वाद्यवाल्यांची चूल पेटवली. लाज वाटायची तर ती पैसा फेकणाऱ्याच्या नजरेची वाटावी, नाचणारीची का? माझ्या कपाळाला हात लावणाऱ्या नव्वद वर्षांच्या बाईची नजर तशी नव्हती. तुम्हाला त्या व्हिडिओत फक्त नोट दिसली.

२०१९ च्या डिसेंबरात युनेस्कोने लझगीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आम्ही तेव्हा कायमचे परत आलो होतो. मी ती बातमी त्याच ग्रुपवर टाकली. कुणी काही लिहिलं नाही. २०२२ मध्ये खिव्यात लझगीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, तटाच्या आत, मनोऱ्यांच्या मधोमध. ओपांनी मला त्याचे व्हिडिओ पाठवले. ते मी ग्रुपवर टाकले नाहीत.

आता तुमचं. व्हिडिओ बघून जमेल का? पायांचं जमेल, रांगा-गोल जमतील. हाताचं जमणार नाही, निदान तीन आठवड्यांत नाही. म्हणून लझगीला हात घालू नका, फरगानाचं एक सोपं, मध्यम लयीचं घ्या. आठ मिनिटं खूप होतात, चार पुरेत. आणि प्रसंग द्यायचा असेल तर नवरोजचा द्या. २१ मार्चच्या आसपास तिथे बायका अंगणात मोठी कढई चढवून सुमलक करतात. मोड आलेल्या गव्हाचा रस काढून तो रात्रभर ढवळायचा, तळाला लागू नये म्हणून आत धुतलेले गोटे टाकायचे, आणि पाळीपाळीने ढवळताना बाकीच्यांनी दोइरा वाजवून नाचायचं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक घाटलेल्या कुठल्याही आजीला हे दृश्य न सांगता कळेल. मुलींनाही कढईभोवती नाचायला कारण मिळेल, नुसतं प्रेक्षकांकडे बघून हसत राहावं लागणार नाही.

कपड्यांचं म्हणाल तर भाड्याच्या दुकानात 'अरेबियन' म्हणून जे पोट उघडं ठेवणारं देतात ते अजिबात घेऊ नका. तिथला नाचाचा पोशाख मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा, लांब बाह्यांचा, सैल असतो. मार्गिलानचं खान-अतलास रेशीम हे इकतच आहे, म्हणजे पोचमपल्ली छापाचं स्वस्त कापड घेऊन सरळ झगे शिवले तर लांबून चांगले दिसतील. केसांच्या जितक्या बारीक वेण्या घालता येतील तितक्या घाला, वर नक्षीची चौकोनी टोपी.

एक राहिलं. मी दोन-अडीच वर्षं शिकले, व्यवसायाने नर्तकी नाही, आणि ताश्कंद नि ख्वारज्म सोडून फार बघितलं नाही. रंगमंचावर जे 'पारंपरिक' म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात बसवलेलं आहे, हे ओपाच सांगायच्या. आणि तिथेही प्रत्येक घरात मुलीच्या नाचण्याला हौसेने परवानगी मिळते असं नाही. दिरांबद्दल लिहिलं ते घरातलं आहे, माणूस म्हणून ते वाईट नाहीत, माझ्या बाळंतपणात रात्री दवाखान्यात तेच बसले होते.

पहिले दोन दिवस मुलींना उभं करू नका. खुर्चीवर बसवा, हात गुडघ्यावर, ठेका लावा, आणि फक्त बोटं. पुण्यात असाल तर कळवा, मी एक दिवस येईन. माझ्याकडे दोइरा आहे, निघताना ओपांनी दिलेला. पावसाळी हवेत त्याचं कातडं सैल पडतं, शेगडीजवळ धरून तापवावं लागतं. त्याला दहा मिनिटं लागतात, तेवढी वेळापत्रकात धरा.